धृति, क्षमा आणि संत बहिणाबाई

मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक बाई पाया पडून म्हणाली, "महाराज, माझा स्वभावच रडका. जरा काही झालं की डोळे भरतात. धीराच्या बायकांना सुख मिळतं, मला कुठलं?" तेव्हा काहीतरी वरवरचे बोलून मी वेळ मारून नेली. खरे उत्तर मागाहून सुचले, ते येथे देतो.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रियांमधील आपल्या सात विभूति सांगितल्या आहेत: कीर्ति, श्री, वाणी, स्मृति, मेधा, धृति आणि क्षमा. यांत ‘न रडणे’ कुठेच नाही, बरं का! ‘धृ’ म्हणजे धरणे. तेव्हा पाहायचे ते एवढेच, की धरले काय? अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार केले आहेत. मन, प्राण व इंद्रिये यांचे व्यापार योगाने आवरून धरते ती सात्त्विक. फळाच्या आशेने धर्म, अर्थ, काम धरते ती राजस. आणि जिच्यायोगे झोप, भय, शोक, विषाद व मद सुटत नाहीत, तीही धृतीच, पण तामस. म्हणजे बघा, दुःख कवटाळून बसायलासुद्धा जोर लागतो. तो जोर त्या बाईजवळ होताच!

आजचे मानसशास्त्रज्ञ स्वभावाची पाच अंगे मोजतात. ज्याचे मन चटकन बिथरते त्याला समाधान कमी, असे त्यांना बहुधा आढळते. बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

आमच्या बहिणाबाईंचेच पाहा. जन्म १६२८, देवगावचा. लहानपणीच तिशीच्या बिजवराशी लग्न झाले. स्वभाव इतका हळवा, की कोल्हापुरात लळा लागलेले वासरू गेले तेव्हा त्यांची शुद्ध हरपली. तुकोबारायांचा त्यांना ध्यास लागला. स्वप्नात उपदेश झाला तेव्हा वय विशीच्या आतच. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने मारहाण केली, घर सोडून जायला निघाला. ती रडली नसेल असे कोण म्हणेल? पण गुरू सोडला नाही, अभंग सोडला नाही. पुढे नवरा आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला आली.

येथे एक सांगतो, कारण आम्ही कीर्तनकारच याचा विपरीत अर्थ लावतो. ‘बाईने सोसावे’ असे सांगताना आम्ही बहिणाबाईंचे नाव घेतो. मीही घेतले आहे, आणि ते चुकलेच. ‘क्षम्’ धातूचा अर्थ सोसणे खरा, पण त्यातूनच ‘क्षम’ म्हणजे समर्थ हा शब्द येतो. मुकाट मार खाणे ही क्षमा नव्हे. बहिणाबाई मुकाट राहिल्या असत्या तर त्यांच्यावर काय गुदरले हे आपल्याला कळलेच नसते. त्यांनी स्वतःच ते अभंगांतून सांगितले. सात विभूतींत वाणी आहे ती उगाच नाही. जनाबाईंचेही तेच. नामदेवरायांच्या घरी दासी, पण खुद्द विठ्ठलाशी भांडायला कचरल्या नाहीत. गोपाळपुरास त्यांचे जाते दाखवतात, ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

त्या बाईला मी निघताना विचारले होते, "रडू आलं की मग काय करतेस?" म्हणाली, "काय करणार? डोळे पुसते नि हरिपाठाला बसते." ते माझ्या कानावर पडले, पण तेव्हा ध्यानात आले नाही.

भगिनींनी येत्या एकादशीपर्यंत अठराव्या अध्यायातील ३३ ते ३९ हे श्लोक अर्थासह वाचावे, आणि शेजारी बहिणाबाईंची आत्मचरित्राची प्रकरणे ठेवावी.