बोअर करण्याआधी गिअरचं तेल मोजा

वडिलांच्या येझदी रोडकिंगचं सिलिंडर एकदा विनाकारण बोअर झालं. गाडी धूर मारत होती आणि रेस दिली की मिसिंग करत होती. नांदेडच्या एका गॅरेजवाल्याने सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं, बोटावरचं काळं तेल दाखवलं आणि निकाल दिला, "रिंगा गेल्यात सर, बोअर करावंच लागतंय." बोअर झालं, ओव्हरसाइज पिस्टन पडला, नव्या रिंगा बसल्या. थोड्याच दिवसांत धूर पहिल्याहून दाट झाला. रोग सिलिंडरमध्ये नव्हताच. तो क्रँकच्या डाव्या टोकाला, एका रबरी सीलमध्ये होता.

ही हकिगत सांगायचं कारण असं की नांदेड-लातूरच्या गावागावांत अजून येझदी, राजदूत, आरएक्स 100 आहेत. कुणी आजोबांची म्हणून ठेवली आहे, कुणी हौसेने विकत घेतली आहे. त्यांच्यापैकी कितीतरी गाड्या याच चुकीच्या निदानापायी खराब होताना मी पाहतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 मध्ये येझदी नावाने आलेल्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचे पार्ट आपल्या गाडीला लागत नाहीत. मूळ सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर. प्रत्येक बोअरला त्यातला थोडा धातू कायमचा जातो, आणि अशी दोन-चार बोअर झाली की सिलिंडरच संपतं.

गॅरेजवाले सरसकट रिंगांवर का जातात, हे समजून घ्यायला हवं. आजच्या मुलांचा हात स्प्लेंडर-शाइनवर बसलेला आहे. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली तेल भरलेलं असतं, रिंगा झिजल्या की ते वर चढतं आणि निळा धूर येतो. तिथे निदान बरोबर ठरतं. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली तेलाचा साठा नसतोच. क्रँककेसमध्ये पेट्रोल, टू-टी ऑइल आणि हवेचं मिश्रण फिरत असतं. रिंगा झिजल्या की दाब कमी होतो, किक हलकी लागते, गाडी चढावर दम टाकते. पण नुसत्या झिजलेल्या रिंगांनी रस्ताभर ढग उठत नाही. ढग उठत असेल तर जास्तीचं तेल कुठून तरी आत येतंय, आणि ते कुठून येतंय हाच पहिला प्रश्न आहे.

येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन आहे, आणि ती बाजू गिअरच्या तेलात भिजलेली असते. क्रँककेस आणि ते तेल यांच्यामध्ये फक्त ऑइल सील असतं. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते. सील कडक झालं असेल तर त्या ओढीने गिअरचं तेल आत येतं आणि जळतं. टू-टी ऑइल जळण्यासाठीच बनवलेलं असतं, गिअरचं तेल तसं नसतं. त्याचा धूर पांढुरका, दाट आणि नाकाला झोंबणारा असतो. तेच तेल प्लगवर साचतं, ठिणगी पडेनाशी होते आणि गाडी मिसिंग करते. नवा प्लग टाकला की थोडा वेळ बरी चालते, पुन्हा तेच. धूर आणि मिसिंग या दोन वेगळ्या तक्रारी समजून दोन वेगळे इलाज करणाऱ्यांचे पैसे इथेच जातात.

आमच्या गाडीने खूण तर स्पष्ट दिली होती. लोह्याकडून अहमदपूरला जाताना बालाघाटचे चढउतार लागतात. उतारावर रेस पूर्ण सोडलेली असे, आणि खाली आल्यावर ती पुन्हा दिली की मागे काहीच दिसेनासं होई. रेस बंद असताना क्रँककेसमधली ओढ वाढते, म्हणून उतारावर तेल जास्त खेचलं जातं. खूप वेळ आयडलिंगवर उभी राहिल्यानंतरही तसंच. मिश्रणात टू-टी जास्त पडलं तर धूर सगळीकडे सारखा येतो, उतार-चढ बघत नाही.

शेवटी गाडी नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेली. त्यांनी इंजिनला हात लावला नाही. "सर, अगोदर गिअरचं तेल काढू, मग बोलू," एवढंच म्हणाले. मापाने भरलेलं तेल निम्म्याच्याही खाली निघालं. इंजिनखाली कुठे गळतीचा डाग नव्हता. मग ते तेल गेलं कुठे, हे सांगायची गरजच उरली नाही.

ही तपासणी कुणालाही करता येते. जुनं तेल पूर्ण काढा, नवं मोजून भरा, काही दिवस गाडी चालवा आणि पुन्हा काढून मोजा. काढलेल्या तेलाचा वासही घ्या. पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये दाब तयार होतो, आणि फाटलेल्या सीलमधून पेट्रोल उलट गिअरबॉक्समध्ये ढकललं जातं. तेल पातळ झालं असेल, त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तरी दोष सीलचाच.

आणखी खात्री हवी असेल तर दाब देऊन बघा. दोन्ही सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढायचे. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं रबराने घट्ट बंद करायची, कार्बोरेटरच्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली रबरी पट्टी कसायची आणि सायकलच्या पंपाने 5-6 पौंड हवा भरायची. त्याहून जास्त भरू नका, चांगलं सीलही उलटेल. पाच मिनिटं दाब टिकला तर इंजिन घट्ट आहे. उतरला तर सिलिंडरच्या बुडाशी आणि क्रँककेसच्या जोडावर पंक्चरवाल्याकडचं साबणाचं पाणी लावा. गिअर ऑइल भरण्याच्या भोकातून बुडबुडे आले तर डावं सील गेलंय.

उजवं सील डायनामोच्या मागे असतं, आणि त्याचा स्वभाव उलटा. तिथे तेल नाही, त्यामुळे ते फाटलं की आत हवा येते. धूर कमी होतो. मालकाला वाटतं गाडी सुधारली. प्रत्यक्षात मिश्रणात हवा जास्त झालेली असते, रेस सोडली तरी इंजिन भणभणत राहतं, प्लग पांढरट पडतो आणि मे महिन्यातल्या 42-43 अंशांच्या उन्हात पिस्टन जाम होतो. मला धुरापेक्षा या दोषाची जास्त भीती वाटते. म्हणून प्लग वाचायला शिका. बदामी म्हणजे ठीक. काळा आणि ओला म्हणजे तेल किंवा पेट्रोल जास्त. पांढरट म्हणजे गाडी चालवणं तिथल्या तिथे थांबवा.

सगळंच मिसिंग सीलमुळे होत नाही, हेही खरं. थंड असताना नीट चालणाऱ्या आणि तापल्यावर मिस मारणाऱ्या गाडीत दोष बहुधा कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइलचा असतो. पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी उडत असेल तर आधी कंडेन्सर बदला, स्वस्त वस्तू आहे. पॉइंटमधलं अंतर 0.4 आणि प्लगचं 0.6 मिलिमीटर ठेवा. काळा धूर असेल तर एअर फिल्टर उघडा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तो एका उन्हाळ्यात बुजवते.

आता पेट्रोलमध्येही बदल झाला आहे. देशभर 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण आलंय. आपल्याच भागातल्या उसापासून इथेनॉल होतं, त्याला माझा विरोध नाही. पण ही इंजिनं त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं, पाणी ओढून घेतं आणि मिश्रण थोडं हवेच्या बाजूला नेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. सील बदलताना इथेनॉलला टिकेल असं रबर मागा.

धूर घालवायला टू-टी ऑइल कमी टाकणं हा इलाज नाही. क्रँकच्या बेअरिंगना तेवढंच तेल मिळतं. लिटरमागे 30 ते 40 मिली टाका, चांगल्या कंपनीचं टाका, आणि फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल त्याऐवजी कधीही ओतू नका.

सील बदलल्यावरही आमची गाडी लगेच शुद्ध झाली नव्हती. दोन्ही सायलेन्सर आतून तेलाने भिजलेले होते, ते तापले की जुनं तेल धूर होऊन बाहेर पडत होतं. अशा वेळी काम फसलं असं समजून पुन्हा इंजिन उघडू नका. आतली जाळी काढून कार्बन जाळून घ्या, दोन-तीन मोठे फेरे मारा, मग निर्णय करा.

नांदेडच्या इतवाऱ्यात, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास असे उस्ताद अजून काम करतात. त्यांच्यातले बरेच साठी ओलांडलेले आहेत. ज्यांच्या घरी टू-स्ट्रोक गाडी आहे त्यांनी, आणि विशेषतः नव्या मिस्त्रींनी, त्यांच्या शेजारी बसून पॉइंट लावायला आणि सील बसवायला शिकून घ्यावं, ही माझी विनंती आहे.