मृत्यूनंतरचा न्याय : मुलांना न घाबरवता कसा शिकवावा?



धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यात अवघड जाणारा धडा कोणता, असं विचारलं तर बरेच जण 'मृत्यू आणि न्याय' हाच सांगतील. मग होतं काय, की आपण एकतर नरकाची भीती घालून मोकळे होतो, नाहीतर "देव प्रेमळ आहे, सगळ्यांना माफ करतो" म्हणून धडा गुंडाळतो. कॅथलिक शिकवण या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ती नीट समजून घेऊ या.

न्याय एक की दोन?

ख्रिस्तसभा दोन न्यायांबद्दल बोलते.

१) वैयक्तिक न्याय : माणूस मरण पावताक्षणी त्याचा आत्मा ख्रिस्तासमोर उभा राहतो आणि त्याचा निर्णय तिथेच होतो. मृत्यूनंतर लगेच आत्म्याचं काय होतं, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 साली अधिकृतपणे स्पष्ट केलं.

२) अंतिम न्याय : जगाच्या शेवटी, सर्व मृत पुन्हा उठतील तेव्हा, सगळ्यांसमोर होणारा न्याय.

इथे हुशार मुलं हमखास विचारतात, "निकाल एकदा लागला, मग परत न्याय कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. दुसऱ्या न्यायात पहिला निकाल बदलत नाही. पण माणूस मेला म्हणून त्याची कृत्यं थांबत नाहीत. पणजोबांनी खोदलेली विहीर आजही गावाला पाणी देते. कुणी जमिनीच्या कागदात केलेली लबाडी तीन पिढ्या भावाभावांत भांडणं लावते. आपल्या चांगल्या-वाईटाचं, आणि करायचं राहून गेलेल्याचं, सगळं फळ शेवटीच उघड होईल. ज्यांच्यावरच्या अन्यायाला कुणी कधी वाचा फोडली नाही, त्यांचं सत्यही तेव्हा सर्वांसमोर येईल. म्हणून अंतिम न्याय ही दुबळ्यांसाठी धमकी नाही, आशा आहे.

प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली आहे!

न्याय कशावर होणार, हे येशूने मत्तयच्या 25 व्या अध्यायात आधीच सांगून ठेवलंय. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. इथे एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्या. डावीकडच्या लोकांवर चोरी किंवा खून केल्याचा आरोपच नाही. त्यांनी 'केलं नाही', एवढाच आरोप आहे. लूकच्या 16 व्या अध्यायातला श्रीमंत माणूसही लाजरला मारत नाही, हाकलत नाही. दारात पडलेला माणूस त्याच्या खिजगणतीतच नसतो.

आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात चित्रगुप्ताच्या वहीचं चित्र असतं. पाप-पुण्याची बेरीज-वजाबाकी केली की झालं, असं त्यांना वाटतं. कॅथलिक शिकवणीत मात्र तारण ही कमाई नसून देवाची कृपा आहे. ती स्वीकारून माणूस प्रेमात वाढला की नाही, हे त्याच्या कृतीतून दिसतं. शिवाय इथे पुनर्जन्म नाही. आयुष्य एकदाच आहे, म्हणून आजच्या दिवसाला मोल आहे.

स्वर्ग, शुद्धीस्थान, नरक

स्वर्ग म्हणजे देवाशी पूर्ण आणि कायमचं ऐक्य.

शुद्धीस्थान ही दुसरी संधी नव्हे. तिथल्या आत्म्यांचं तारण पक्कं झालेलं असतं, फक्त शुद्धी बाकी असते. उदाहरण द्यायचं तर, प्लास्टर काढल्यावर हाड जुळलेलं असतं, पण हात आखडलेला असतो. व्यायाम करताना दुखतं, पण ते दुखणं बरं होण्याचंच असतं. या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते, म्हणून 2 नोव्हेंबरला आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो.

नरक म्हणजे देवाला शेवटपर्यंत जाणूनबुजून नाकारणं. देव कुणालाही नरकासाठी निर्माण करत नाही. ख्रिस्तसभेने हजारो जणांना संत म्हणून घोषित केलंय, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकदाही जाहीर केलेलं नाही. तो निवाडा आपणही करायचा नाही.

मुलांचे तीन अवघड प्रश्न

"माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिचं काय?" हा प्रश्न टाळू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली स्पष्ट सांगितलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं.

"बाप्तिस्म्याआधीच आमचं बाळ गेलं, ते कुठे आहे?" ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते.

"काकांनी आत्महत्या केली. ते नरकात गेले का?" हा प्रश्न विचारणारं मूल आतून तुटलेलं असतं. त्याला ठामपणे सांगा, की अशा माणसांच्या तारणाची आशा ख्रिस्तसभा सोडत नाही, ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मनाचा भयंकर त्रास माणसाची जबाबदारी कमी करू शकतो. मग धडा बाजूला ठेवा आणि त्या मुलाजवळ बसा.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

* मत्तय 25 मधली सहा कामं फळ्यावर लिहा. आपल्या शाळेत, आळीत भुकेला कोण, परका कोण, हे मुलांनाच शोधू द्या.
* रात्री झोपताना दोनच प्रश्न : आज मी कुणाला मदत केली? कुणाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं?
* "असं केलंस तर देव शिक्षा करील" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. अभ्यास करून घ्यायला किंवा ताटातली भाजी संपवायला देवाचा धाक वापरला, तर मूल मोठेपणी धाकाबरोबर देवालाही सोडून देतं.

वधस्तंभावरच्या चोराने अगदी शेवटच्या घटकेला येशूकडे तोंड वळवलं आणि त्याला स्वर्गाचं वचन मिळालं. आपला न्याय करणारा तोच आहे, हे मुलांना आधी कळू द्या. बाकीचा धडा मग सोपा जातो.