सेव्ह अ‍ॅजची सवय

जुलैची २९ तारीख. दाभोळच्या जेटीला लागलेल्या ट्रॉलरवर मी विंचच्या चौकटीपुढे उकिडवा बसलो होतो. १ जूनला सुरू झालेली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यामुळे हाताशी दोनच दिवस. चौकट बेअरिंगसकट आधीच डेकवर आवळलेली, ड्रम आणि शाफ्ट त्या सकाळी टेम्पोतून आलेले. शाफ्ट ४० मिलिमीटरचा, बेअरिंग यूसीपी २०७, म्हणजे ३५ च्या भोकाचं. तांडेल शांतपणे म्हणाला, "ह्यो काय बसायचा नाय, सायेब."

घोळ माझाच होता. एका लहान वर्कशॉपची ड्रॉइंगं मी करायचो. विंच डावी की उजवी, चेनवर की हायड्रॉलिक, ड्रम लहान की मोठा, गॅल्व्हनाइज्ड की स्टेनलेस: एवढ्यातच सोळा प्रकार होतात. ऑर्डर आली की त्यातल्या त्यात जवळची जुनी असेंब्ली उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' करायची, चार भाग बदलायचे. मे महिन्यात एका बोटीवर ३५ चा शाफ्ट वाकला, म्हणून मी तो ४० चा केला आणि बेअरिंग २०८ घेतलं. पण फक्त त्याच फाइलमध्ये. वर्कशॉपला तोंडी सांगितलं, "आता सगळे शाफ्ट चाळीसचे." पुढची डावी विंच जुन्या प्रतीवरून निघाली, खरेदीची यादीही तिच्यातूनच गेली.

फेरीबोटीनं धोपाव्याला उतरून चिपळूण गाठलं, २०८ ची जोडी आणली. तरी सुटका नाही. २०७ च्या बोल्टांमधलं अंतर १२७ मिलिमीटर, २०८ चं १३७. बाजूला पाच मिलिमीटर सरकून नवं भोक पाडायचं, तर ड्रिल जुन्या भोकातच घसरतं. शेवटी भोकं वेल्डिंगनं बुजवली, घासली, पुन्हा पाडली. गॅल्व्हनाइज्ड चौकटीची पार रया गेली.

आता सोळाही प्रकारांची असेंब्ली एकच ठेवतो. सगळे पर्यायी भाग तिच्यातच असतात, म्हणून तिच्या भागांची यादी कुठल्याही एका विंचच्या यादीपेक्षा मोठी दिसते. मोठ्या कारखान्यांत हिला 'दीडशे टक्के बीओएम' म्हणतात. प्रत्येक प्रकार म्हणजे तिचंच एक कॉन्फिगरेशन. शाफ्ट, बेअरिंग आणि भोकांचं अंतर यांची एकच गाठ बांधा. एक बदललं की तिन्ही बदलली पाहिजेत. हायड्रॉलिक निवडलं की चेनचं चक्र आपोआप गळालं पाहिजे, आणि यादीतूनही गळालं ना, ते दर वेळी डोळ्यांनी बघा. चित्रातून लपवलेला भाग खरेदीच्या यादीत बसून राहतो, हा अनुभव मी दोनदा घेतलाय. डाव्या-उजव्याला आरसा लावताना रॅचेटच्या खटक्याला वेगळा नंबर द्या. बेअरिंगला नको, ते दोन्हीकडे सारखंच.

आणि जुन्याच्या जागी बसत नाही त्या भागाला जुना नंबर कधीच देऊ नका. कुठल्या अनुक्रमांकाच्या विंचमध्ये काय गेलं, याची नोंद वेगळी ठेवा. ३५ च्या शाफ्टच्या विंच अजून चालू आहेत. त्यांच्या मालकांचा फोन आला, तर २०७ च पाठवायचं.