कारखान्यांचा सामाजिक निधि आणि गांवचें पाणी

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे पावसाचे दरिद्री नव्हेत. वर्षास १,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो. तरीहि वैशाखांत कित्येक टोल्यांवरील बायांस नाल्याच्या वाळूंत झरा उकरून पाणी भरावें लागतें. पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो, आणि गडचिरोलीकडील कठीण खडकांत पाणी फार मुरत नाहीं. चंद्रपूरकडे कांहीं गांवीं पाणी आहे, पण त्यांत फ्लोराइड आहे. तें लिटरास १.५ मिलिग्रॅमहून अधिक झाल्यास दांत व हाडें बिघडतात. असें पाणी उकळून शुद्ध होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

या भागांत कोळसा, सिमेंट व लोहखनिज काढणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. सन २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीचें नक्त मूल्य ५०० कोटि, किंवा उलाढाल १,००० कोटि, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यास लावावे, असा नियम आहे. पिण्याचें पाणी व दुर्बळ समाजाची उन्नति हीं कामें त्यांत बसतात, आणि आसपासच्या प्रदेशास अग्रक्रम द्यावा असें कायदाच सांगतो. म्हणून हा पैसा भीक नव्हे. मात्र तो अमुकच गांवास द्यावा असा हक्कहि नव्हे. निर्णय कंपनीचें संचालक मंडळ करतें. ज्या गांवाचा अर्ज हिशेबशीर, त्याचें काम होण्याचा संभव अधिक.

दोन गोष्टींची गल्लत करूं नये. पहिली, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा वेगळा. २०१५ पासून खाणवाल्यांस स्वामित्वधनाच्या १० टक्के, व जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के, रक्कम त्यांत भरावी लागते. तिचा विनियोग जिल्ह्याकडून होतो. दुसरी, खाणीमुळें विहीर आटली वा नासली तर त्याची भरपाई ही निराळी जबाबदारी आहे. हातपंप बसवून दिला म्हणजे ती फिटली, असें कोणी म्हणूं लागल्यास तें मान्य करूं नये.

आतां काय मागावें? पुष्कळ ठिकाणीं शुद्धीकरण यंत्र मागतात. जेथें फ्लोराइड आहे तेथें तें अवश्य मागावें. इतरत्र जुन्या मालगुजारी तलावांकडे आधीं पाहावें. पूर्व विदर्भांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी समाजानें बांधले. सन १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढण्याचें काम कोणाचेंच उरलें नाहीं. एक हेक्टर पात्रांतून अर्धा मीटर गाळ काढला तर ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर जागा मोकळी होते. शिवाय पाळीखालच्या विहिरींस पाझर मिळतो. परंतु गाळाखालची घट्ट माती फोडूं नये, नाहींतर पाणी टिकणार नाहीं. आणि पाळीच्या पायथ्याशीं खणूं नये.

येथें आमच्या शेतकरी बांधवांस एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. तलाव सुधारला म्हणजे ज्याची बांधी त्याखालीं आहे त्यास पाणीहि मिळतें व गाळहि. भूमिहीन गोंड, माडिया कुटुंबास त्यांतून काय मिळतें? आणि शेवटचा थेंब धानास सोडला तर ढिवराचा मासा जगणार कसा? दुर्बळांच्या नांवें आलेला पैसा सबळांच्या बांधींत जिरला, तर तो गांवानें केलेला अन्यायच होय.

यास्तव आमची सूचना अशी. प्रथम दूरच्या टोल्याच्या पिण्याच्या पाण्याची सोय मागावी, मग तलावाची. अनुसूचित क्षेत्रांत विकासयोजनेस ग्रामसभेची मान्यता घेण्याचें बंधन १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्यानें घातलें आहे. इतरत्रहि सभा भरवून, बायांस बोलतें करून, ठराव करावा. पाण्याची तपासणी कामापूर्वीं व नंतर, भर उन्हाळ्यांत करवावी. दुरुस्ती कोणी व किती वर्षें करावयाची हें कंपनीकडून लेखी घ्यावें. पुढें देखभालीसाठीं पाणीनिधि काढावा. त्यांत वर्गणी घरटी सारखी न ठेवतां जमिनीच्या मानानें ठेवावी. तलावांत माशांपुरतें पाणी राखण्याचा नियम लिहून ठेवावा.

कंपनी देईल तो पैसा एकदांच येईल. त्यानंतर पंप चालू राहतो कीं गंजतो, हें गांवच्या जमीनदारांच्या वर्तनावर ठरेल; आणि ते जमीनदार आपणच आहों.