पिल्लाच्या हक्काचा कोपरा

मांजराचे पिल्लू घरी आणावे आणि त्याने पहिल्याच दिवशी कपाटामागे जाऊन बसावे, की घरातील मंडळी हिरमुसतात. मुले वाकून हाका मारतात, कोणी दुधाची बशी सरकवते (गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही), तर कोणी हात घालून त्याला बाहेर ओढते. या उपायांत शेवटचा सर्वांत वाईट. परक्या जागी लपून बसणे ही मांजराची मन सावरण्याची रीत आहे. नेदरलँड्समधील एका प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपण्यासाठी खोके देण्यात आले. ती मांजरे इतरांहून लवकर स्थिरावली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

वाणसामानाचे पुठ्ठ्याचे खोके याकरिता पुरेसे होते. ते आडवे ठेवून आत पिल्लाच्या आईचा वास असलेले फडके अंथरावे. पहिले काही दिवस पिल्लाला एकच खोली द्यावी. अन्नपाणी एका बाजूस आणि रेतीचा पसरट ट्रे दुसऱ्या टोकास असावा. दोन्ही शेजारी ठेवलेली मांजराला रुचत नाहीत. माणसाला साधारणतः २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पलीकडचे. म्हणूनच मिक्सर वा धुलाई यंत्राच्या शेजारची जागा टाळावी.

खरा धोका मात्र आवाजाहून निराळा आहे. पिल्लू ज्या जुन्या कपाटात दडते, तेथेच डांबरगोळ्या असतात. ज्या फरशीवर चालते, ती फिनाईलने पुसलेली असते. फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते आणि पंजे चाटण्याची त्याची सवय तर सुटत नाही. त्या खोलीपुरती फरशी साध्या पाण्याने पुसावी, गोळ्या काढून टाकाव्यात.

लपलेले पिल्लू रात्री बाहेर येऊन खात असेल, तर चिंता नसावी. चोवीस तास त्याने अन्नाला तोंडच लावले नाही, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये.

बदलीची नोकरी असलेल्या कुटुंबात हा सारा खटाटोप नव्या गावी पुन्हा करावा लागतो. तेव्हा जुने खोके टाकून देऊ नये आणि आतले फडकेही धुऊ नये, कारण परक्या घरात ओळखीचा म्हणावा असा तेवढाच वास उरतो. सामानाची उलगड संपेपर्यंत त्या खोलीचे दार लावलेले असावे.