टर्नर स्टेशन : पोलादाची वस्ती आणि न विचारता घेतलेलं दान

कारखान्याभोवती जशी आपली किर्लोस्करवाडी वसली, तसंच अमेरिकेत बाल्टिमोरजवळ स्पॅरोज पॉइंट हे गाव वसलं. १८८७ साली तिथे पोलादाच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली. १९१६ मध्ये तो बेथलेहेम स्टील कंपनीने घेतला. घरं, दुकान, सगळं कंपनीचं. रस्त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं होती आणि अक्षरावरून माणसाची पायरी कळायची. साहेब एका टोकाला, गोरे कामगार मधे आणि कृष्णवर्णीय कामगार पार खाडीपलीकडे.

त्यांना तिथे घरंही पुरेशी नव्हती. म्हणून जवळच टर्नर स्टेशन ही त्यांची वस्ती वाढली. व्हर्जिनिया, कॅरोलिना इथली शेती सोडून माणसं आली. कारखान्यात वाट्याला यायची ती सर्वात तापलेली, धुळीची कामं. बढतीची दारं बंद. ही दारं उघडायला १९७४ चा न्यायालयीन आदेश लागला. पण वस्तीत त्यांनी स्वतःची दुकानं, चर्च, चित्रपटगृह उभं केलं.

इथेच हेन्रिएटा लॅक्स राहायची. नवरा पोलाद कारखान्यात, पदरी पाच मुलं. १९५१ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. उपचारांच्या वेळी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या पेशी काढून घेतल्या, तिला न विचारता. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या या पहिल्या मानवी पेशी, 'हेला'. साल्क यांच्या पोलिओ लसीच्या चाचणीत त्या कामी आल्या. घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ताच नव्हता! पुढे त्यांच्यातल्या काहींना आरोग्यविमाही परवडत नव्हता.

२००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा गेला आणि २०१२ मध्ये कारखानाच बंद पडला. पेशींच्या वापराबद्दल लॅक्स कुटुंबाची एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

आपण दानाला पुण्य म्हणतो. पण दान म्हणजे देणाऱ्याने समजून-उमजून दिलेलं. न विचारता घेतलं, तर त्याचं कितीही भलं होवो, ते दान नव्हे. मदत देतानाही हेच लागू आहे : ज्यांच्यासाठी आपण निधी गोळा करतो, त्यांना काय हवंय हे आधी विचारूया. घरी मुलांशीही यावर जरूर बोला.