स्पेनमध्ये नेमके काय पाहावे?

प्रश्न : कॉलेजच्या अभ्यास सहलीत मुलगी माद्रिद, कोर्दोबा, ग्रानादाला निघाली आहे. तिने कशावर भर द्यावा?

उत्तर : माद्रिदला प्रादो संग्रहालयाची सगळी दालने पालथी घालू नयेत, पाय तेवढे दुखतात. वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ (१६५६) या चित्रासमोर मात्र अर्धा तास थांबावे. चित्रातला चित्रकार थेट आपल्याकडे बघतो, मागच्या आरशात राजा-राणी दिसतात. मग तो रंगवतोय कोणाला? यावर अभ्यासक अजून भांडतात, तिनेही खुशाल भांडावे! पिकासोचे ‘गेर्निका’ माद्रिदमधल्याच रेइना सोफिया संग्रहालयात आहे. कोर्दोबाला मशिदीच्या तांबड्या-पांढऱ्या कमानींमध्येच सोळाव्या शतकात कॅथेड्रल बांधले, तो सांधा नीट न्याहाळावा. ग्रानादात अलहम्ब्राच्या नासरी महालांची प्रवेशवेळ तिकिटावर ठरलेली असते. आत जाताना पासपोर्ट जवळ हवाच.